आपण कोणाला काय म्हणतो?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोम्मसंद्रा येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलण्यासाठी एखादा विद्वान वक्ता बोलवावा, असा आग्रह मी कार्यकारिणीत धरला होता. तो मान्य झाला नाही आणि शिक्षा म्हणून हे काम माझ्यावरच येऊन पडले. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, समाजशास्त्रज्ञ तर नाहीच नाही. साधी बी.ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि गेली तीस वर्षे लोकांकडून अर्ज भरून घेत आलो. नाव, वडिलांचे नाव, जात, मातृभाषा, मूळ गाव, असे ते रकाने. एखाद्या रकान्यापाशी येऊन समोरच्या माणसाची लेखणी थबकते, तो क्षणभर विचारात पडतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. त्या थबकण्याविषयीच मला आज बोलायचे आहे. एखाद्या समाजाला, प्रांताला वा देशाला उद्देशून आपण जी नावे वापरतो, ती लोकांना का बोचतात, आणि बोचली तर आपण काय करावे, असा हा साधा विषय आहे.

साधा म्हटला खरा, पण तो आपल्या अंगणातलाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि होसूर रस्त्यावरच्या वाहतुकीत आयुष्य घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हायसे वाटले. त्या गाडीत उभे राहून कान उघडे ठेवावेत. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, बंगाली, ओडिया आणि आपली मराठी, सगळ्या भाषा तेथे ऐकू येतात. आणि प्रत्येक भाषेत ‘हे लोक’ आणि ‘ते लोक’ यांची काही नावेही ऐकू येतात. ती नावे बोलताना आवाज थोडा खाली येतो. जे नाव उच्चारताना आपला आवाज आपोआप खाली येतो, ते नाव बरे नव्हे, हे आपल्या अंतर्मनाला ठाऊक असते. शब्दकोश उघडण्याची गरज नसते.

आरंभ स्वतःपासून करतो. मी सातारा जिल्ह्यातला. नोकरीसाठी प्रथम मुंबईला गेलो, तेव्हा खानावळीत जेवताना माझ्या उच्चारांवरून ‘घाटी दिसतोय’ असा शेरा माझ्या कानावर आला. म्हणणाराही मराठीच होता. शब्दाचा अर्थ पाहिला तर त्यात काय आहे? घाटावरून आलेला तो घाटी. सह्याद्रीचे घाट चढून-उतरून आलेला मी, हे भौगोलिक सत्यच होते. परंतु त्या शब्दात भूगोल नव्हता. हमाली करणारा, गिरणीत राबणारा, शहराच्या रीतीभाती न जाणणारा अडाणी, असा सगळा इतिहास त्या दोन अक्षरांत भरलेला होता. गंमत अशी की, हाच शब्द ‘घांटी’ होऊन गोव्यात गेला आणि तेथे घाटापलीकडून मजुरीला आलेल्या कन्नड माणसालाही तो चिकटला. म्हणजे मुंबईत ज्या शब्दाने मराठी माणूस दुखावतो, गोव्यात त्याच शब्दाने त्याचा कन्नड शेजारी दुखावतो. डोंगर तोच, शब्द तोच. पोटासाठी घाट उतरणारा तेवढा बदलला.

परंतु बंधुभगिनींनो, दुखावलेला माणूस दुसऱ्याला दुखवत नाही, असे नसते. त्याच मुंबईत मी आणि माझे सातारकर मित्र कचेरीतल्या एका वरिष्ठांना पाठीमागे ‘मद्रासी’ म्हणत असू. ते गृहस्थ धारवाडचे होते. आता पाहा, १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत धारवाड हे मुंबई राज्यात होते. त्यांच्या वडिलांचे सरकारी कागद मुंबईच्या नावाने निघत. मद्रासशी त्यांचा संबंध माझ्याइतकाच, म्हणजे शून्य. म्हैसूर संस्थानही कधी मद्रास इलाख्याचा भाग नव्हते. मद्रास राज्याचे नाव १९६९ साली तमिळनाडू झाले, म्हैसूर राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले, मद्रास शहराचेही १९९६ मध्ये चेन्नई झाले. मद्रास नावाचे राज्य आणि शहर नकाशावरून गेले, तरी ‘मद्रासी’ आमच्या तोंडून गेला नाही. विंध्याच्या दक्षिणेकडच्या कोट्यवधी माणसांना, चार-पाच समृद्ध भाषांना आणि दोन हजार वर्षांच्या साहित्याला आम्ही एका शब्दात कोंबून मोकळे झालो. साठीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत दाक्षिणात्यांच्या लुंगीवरून घोषणा दिल्या गेल्या, हा इतिहास आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. माणसाला त्याच्या वस्त्रावरून ओळखायचे ठरले की त्याचा चेहरा पाहण्याचे कारण उरत नाही.

पुढे उत्तरेकडून आलेल्यांची पाळी आली. ‘भैया’ या शब्दाइतका गोड शब्द हिंदीत क्वचितच असेल. भैया म्हणजे थोरला भाऊ. बहीण राखी बांधताना जो शब्द उच्चारते, तोच मुंबईच्या रस्त्यावर दूधवाल्याला आणि टॅक्सीवाल्याला हिणवण्यासाठी वापरला गेला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शब्दाचा कोशातला अर्थ निर्दोष आहे, एवढ्याने आपली सुटका होत नाही. शब्द कोण उच्चारतो, कोणासमोर, कोणत्या स्वरात आणि कोणत्या बळावर, यावर त्याची धार ठरते.

याच्या उलटही घडते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना सैन्यात ‘गणपत’ म्हणतात. हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेले असेल, पण त्या जवानांनी ते आपलेसे केले आणि त्यात अभिमान मानला. बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या, त्या काळी ‘बारगीर’ या शब्दापासून झालेला ‘बर्गी’ हा शब्द तेथील आया मुलांना निजवताना भीती घालण्यासाठी वापरत. कलकत्त्याच्या रक्षणासाठी १७४२ साली खणलेल्या खंदकाला ‘मराठा खंदक’ असेच नाव पडले. माझी बदली कोलकात्याला झाली, तेव्हा एका बंगाली सहकाऱ्याने हसत हसत मला ‘बर्गी’ म्हटले. मीही हसलो, कारण आज बंगालमध्ये मराठी माणसाला कसलाही जाच नाही. शब्द भयंकर होता, पण त्यातले विष दोनशे वर्षांत उतरून गेले होते. ‘घाटी’ मधले विष मात्र अजून ओले आहे. शब्दांनाही वय असते आणि त्यांच्या जखमांनाही.

आता थोडे परदेशी जाऊ. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना अमेरिकेत आहेत. तेथे मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांना काय म्हणावे, हा वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे. १९७६ साली तेथील काँग्रेसने स्पॅनिश वंशमूळ असलेल्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला आणि १९८० च्या जनगणनेत ‘हिस्पॅनिक’ हा शब्द सर्वांसाठीच्या प्रश्नावलीत आला. तो सरकारी सोयीचा शब्द होता. त्यात स्पेनचा माणूस बसतो, पण पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा बसत नाही. काहींना त्या शब्दात जुन्या स्पॅनिश साम्राज्याची छाया दिसली. त्यांनी ‘लॅटिनो’ हा शब्द पुढे केला आणि २००० च्या जनगणनेत त्यालाही जागा मिळाली. त्यापूर्वी, साठीच्या दशकात, मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी ‘चिकानो’ हा हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द उचलून आपल्या चळवळीच्या निशाणावर लिहिला होता. अलीकडे स्त्री-पुरुष भेद टाळण्यासाठी ‘लॅटिनेक्स’ असा शब्द घडवला गेला, परंतु प्यू या संशोधनसंस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या समाजातले शंभरांतले जेमतेम तीन लोक तो स्वतःसाठी वापरतात, असे आढळले. पुष्कळांना यांतला कोणताच शब्द फारसा जवळचा वाटत नाही. ‘मी क्यूबाचा’, ‘मी ग्वातेमालाचा’, असे आपल्या देशाचे नाव सांगणेच त्यांना आवडते. आणि त्यांना सरसकट ‘मेक्सिकन’ म्हटले की ते दुखावतात. मेक्सिकन असणे कमीपणाचे आहे म्हणून नव्हे, तर आपले वेगळेपण पाहण्याची तसदी समोरच्याने घेतली नाही म्हणून. आपला ‘मद्रासी’ आणि त्यांचा ‘मेक्सिकन’ हे सख्खे भाऊ आहेत.

आपल्याच लोकांचे तेथे काय झाले, तेही पाहा. १९२० पासून १९४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनांत ‘हिंदू’ ही एक वंशाची वर्गवारी होती. पंजाबातून गेलेला पगडीधारी शीख शेतकरीही तेथे ‘हिंदू’ म्हणूनच नोंदला गेला. पुढे तेथील भारतीयांच्या संघटनांनी मागणी केल्यावर १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. जे नाव दुसऱ्यांनी लादले ते गेले आणि जे आपण मागितले ते आले. तेथे आपल्या मुलांना कोणी चुकीच्या नावाने हाक मारली तर येथे आपले रक्त उसळते. ते उसळणे रास्त आहे. माझी विनंती एवढीच, की त्यातले थोडे रक्त येथल्या शेजाऱ्यासाठीही राखून ठेवावे.

नाव कोणी ठेवले, हा या विषयाचा कणा आहे, असे मला वाटते. याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. महात्मा गांधींनी अस्पृश्य समाजाला ‘हरिजन’ हे नाव दिले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत हे नाव कायद्यात घालण्याचा प्रसंग आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी त्याला विरोध करून सभात्याग केला. आम्हाला काय म्हणावे हे आम्हालाच न विचारता तुम्ही कसे ठरवता, असा तो सवाल होता. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरच्या तरुणांनी ‘दलित’ हा शब्द ताठ मानेने मिरवला. अर्थाने पाहिले तर ‘हरिजन’ म्हणजे देवाचा माणूस आणि ‘दलित’ म्हणजे भरडलेला माणूस. तरी पहिला शब्द टोचला आणि दुसऱ्याने बळ दिले. कारण पहिल्यात दया होती आणि दुसऱ्यात स्वतःचा आवाज. १९८२ मध्ये केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांत ‘हरिजन’ शब्द लिहू नये अशा सूचना दिल्या. सरकारी यंत्रणेलाही ऐकायला चव्वेचाळीस वर्षे लागली, हे या सरकारी नोकराने कबूल केले पाहिजे.

आता आपल्या राज्यात, म्हणजे कर्नाटकात या. होय, मी ‘आपल्या राज्यात’ म्हणालो. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा समाजाच्या विकासासाठी एक प्राधिकरण जाहीर केले आणि त्यासाठी पन्नास कोटी रुपयांची घोषणा केली. लगेच वादळ उठले. मराठा म्हणजे मराठी, मराठी म्हणजे महाराष्ट्र, आणि महाराष्ट्र म्हणजे सीमावाद, अशी साखळी जोडली गेली. पाच डिसेंबर २०२० रोजी कन्नड संघटनांनी बंदही पुकारला. हा पैसा कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठा समाजासाठी आहे, त्याचा भाषेशी संबंध नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. एका जातीचे नाव, एका भाषेचे नाव आणि एका राज्याचे नाव, या तीन गोष्टींची गल्लत झाली की काय होते, ते त्या दिवसांत आपण पाहिले. ज्यांच्या घरात चार पिढ्या कन्नड शाळेत शिकल्या, त्या माणसांना ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर नव्याने द्यावे लागले.

या गल्लतीत आपणही स्वच्छ नाही. शेजारच्या कन्नड मावशी आपल्या सगळ्यांना सरसकट ‘मराठा’ म्हणतात. आपल्यातले काही जण घाईघाईने सांगतात, ‘नाही हो, आम्ही मराठा नव्हे.’ सांगायला हरकत नाही. पण त्या घाईत भाषेची अचूकता किती आणि जातीचा ताठा किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मावशींच्या मनात ‘मराठी बोलणारे’ एवढाच अर्थ असतो. अजाणता झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेला अपमान यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे. दुखावून घेण्यातही विवेक हवा.

आता ‘कानडी’ या शब्दाकडे वळतो. माझ्या एका कन्नड सहकाऱ्याने एकदा मला विचारले, ‘आमच्या भाषेला आम्ही कन्नड म्हणतो, तुमची वर्तमानपत्रे कानडी का लिहितात?’ मी उत्तर दिले की हा आमचा शेकडो वर्षांचा शब्द आहे आणि त्यात अनादर नाही. पंढरीच्या विठ्ठलाला आमच्या संतांनी ‘कानडा’ म्हटले आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेला तो अभंग आमच्या घराघरांत गायला जातो. दैवताला जे नाव दिले ते तुच्छतेचे कसे असेल? त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘देवाला म्हणताना प्रेमाने म्हणता, हे खरे. पण बेळगावच्या बातमीत हाच शब्द येतो तेव्हाही तितक्याच प्रेमाने येतो काय?’ मी निरुत्तर झालो. तेव्हापासून मी संतांविषयी बोलताना ‘कानडा’ म्हणतो आणि शेजाऱ्यांविषयी बोलताना ‘कन्नड’ म्हणतो. माझ्या मराठीचे त्यात काही बिघडलेले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेंगळूरु आणि बेळगावी ही नावे अधिकृत झाली. घरात बोलताना आपल्या तोंडी ‘बेळगाव’ येते, ते येतच राहणार, आणि कोणाच्या घरातली बोली कोणी दंडाने बदलू नये. परंतु ज्याच्याशी बोलतो आहोत त्याच्या भाषेचे नाव त्याच्याच उच्चाराने घेण्यात कमीपणा नाही.

आणि खरोखर, आपल्या दोन समाजांना अशी वेगवेगळी नावे देऊन विभागता येते तरी काय? धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो कन्नड कवितेसाठी. गदगला जन्मलेले पंडित भीमसेन जोशी यांची मातृभाषा कन्नड, आणि त्यांच्या अभंगवाणीशिवाय आपली आषाढी पुरी होत नाही. बेंगळूरच्या मराठी घरात १९५० साली जन्मलेले शिवाजीराव गायकवाड येथील बसमध्ये कंडक्टर होते. पुढे रजनीकांत या नावाने तमिळ जनतेने त्यांना डोक्यावर घेतले. शहाजीराजे भोसले यांच्याकडे ज्या शहराची जहागीर होती त्याच शहरात आपण बसलो आहोत, आणि १६६४ साली त्यांचे देहावसान झाले तेही याच कर्नाटकाच्या मातीत, होदिगेरे येथे. यांतल्या प्रत्येकाला एकच बिल्ला लावायचा म्हटले, तर कोणता लावणार?

बिल्ल्यांचा परिणाम फक्त मनाला लागण्यापुरता राहत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये याच शहरात अफवा पसरल्या आणि ईशान्येकडील हजारो तरुण-तरुणी जीव मुठीत धरून रेल्वेस्थानकावर धावल्या. खास गाड्या सोडाव्या लागल्या. आसाम, मणिपूर, नागालँड, मिझोराम, सगळे एकाच शब्दात गुंडाळलेले, आणि तो शब्दही चेहऱ्यावरून बनवलेला. इतर वेळी ‘गंमत’ म्हणून वापरलेले ते नाव त्या आठवड्यात भीतीचे कारण झाले. गमतीने घडवलेली नावे संकटकाळी कोणाच्या हातात जातात, याचा विचार गंमत करणाऱ्याने आधी करायचा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी इतका वळसा घातला, त्या गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण सुवर्णमहोत्सवात फक्त गौरवाचेच बोलावे असा नियम नसावा.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बदलून येथे नवाच आलो होतो. मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पंगत चालू होती. एक आजी वाढत होत्या. नऊवारी नव्हे, दक्षिणी पद्धतीची रेशमी साडी, केसांत मल्लिगेचा गजरा. मराठी बोलत, पण तिला कन्नडचे वळण होते. मी विचारले, ‘आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?’ त्या म्हणाल्या, ‘इथल्याच. बेंगळूरच्या.’ मी म्हणालो, ‘नाही, महाराष्ट्रात कुठल्या?’ त्या म्हणाल्या, ‘ते आमच्या पणजोबांनाही ठाऊक नव्हते.’ त्यावर मी, चार माणसांत आपली विनोदबुद्धी दाखवावी म्हणून म्हणालो, ‘म्हणजे तुम्ही कानडीच की! पण मराठी मात्र छान बोलता हो.’ पंगतीत हशा पिकला. आजीही हसल्या. पुढल्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यापुढल्या वर्षी त्यांच्या घरचे कोणीच आले नाही. मंडळाच्या स्थापनेच्या वेळी घरोघर फिरून वर्गणी गोळा करणाऱ्यांत त्यांचे यजमान होते, हे मला नंतर कळले.

मी त्यांच्या घरी गेलो, पण लगेच नव्हे. तीन वर्षे गेली. त्यांनी कॉफी दिली, विचारपूस केली. मी क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुम्ही वाईट बोललात असे नाही, भाऊ. पण बघा, पंढरपूरला गेलो की तिथले लोक आम्हाला मद्रासी म्हणतात. इथे गल्लीत आम्हाला मराठी म्हणतात. आणि आपल्या मंडळात आलो तर तुम्ही कानडी म्हणालात. मग आम्ही जायचे कुठे?’

बंधुभगिनींनो, गेली नऊ वर्षे हा प्रश्न माझ्या कानात आहे. ‘कानडी’ या शब्दात शिवी नव्हती. माझ्या मनात द्वेष नव्हता. तरीही एका माणसाला त्याच्याच घराच्या उंबरठ्याबाहेर काढण्याचे काम त्या शब्दाने केले. आणि त्यानंतरची स्तुती तर आणखी वाईट होती. ‘मराठी छान बोलता’ ही स्तुती परक्याची करायची असते. जिच्या घरात महाराष्ट्राचा आधार नसताना, शाळा नसताना, वर्तमानपत्र नसताना, केवळ सासूकडून सुनेकडे अशी पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकली, त्या बाईला मराठीचे प्रशस्तिपत्र देणारा मी कोण? मी तर मराठीच्या भर बाजारात जन्मलो. मला ती फुकट मिळाली. त्यांनी ती राखली.

यावर कोणी म्हणेल, इतके हळवे होऊन कसे चालेल? प्रत्येक शब्द तोलून बोलायचे तर माणसांनी बोलायचेच कसे? आक्षेप रास्त आहे. जनगणनेला, सरकारला, आपल्या मंडळालाही समूहांची नावे लागतातच. नावाशिवाय ना हक्क मागता येतो, ना सूचीत जागा मिळते. माझे म्हणणे नावे टाकून द्या असे नाही. नाव घेण्यापूर्वी मनाला दोन-तीन प्रश्न विचारा, एवढेच आहे. हे नाव त्या माणसाने स्वतःसाठी वापरलेले आहे काय? ते मी त्याच्या तोंडावर, त्याच्या मुलांसमोर घेऊ शकेन काय? आणि येथे समूहाचे नाव घेण्याची खरोखर गरज आहे काय, की ‘शेजारचे राव’ एवढे म्हणून भागते? बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. आणि मनात संशय असेल तर सरळ विचारावे. ‘तुम्हाला काय म्हटलेले आवडेल?’ असे विचारल्याने कोणी दुखावल्याचे माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला आठवत नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना करून मी आपली रजा घेतो. आपल्या मंडळाच्या सभासदत्वाच्या अर्जात सहावा रकाना आहे, ‘महाराष्ट्रातील मूळ गाव’. पन्नास वर्षांपूर्वी तो घालणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. गावाकडच्या माणसाला गावाकडचा माणूस भेटावा, एवढाच. परंतु मी जुने अर्ज काढून पाहिले. बेंगळूरच्या जुन्या घरांतील सभासदांनी तेथे आडवी रेघ मारली आहे. कोणी बेळगाव लिहून खोडले आहे, कोणी तंजावर लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. सरकारी माणसाला रिकाम्या रकान्याची सवय असते, पण या रेघा पाहून मला वाईट वाटले. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे की त्या रकान्यात ‘महाराष्ट्रातील मूळ’ हे दोन शब्द गाळून फक्त ‘गाव’ एवढेच ठेवावे. कोणी वाई लिहावे, कोणी गदग, कोणी बोम्मसंद्रा. आपण सर्वांनी त्यास पाठिंबा द्यावा, ही विनंती.

आज सभागृहात दुसऱ्या रांगेत त्या आजी बसल्या आहेत. प्रकृती बरी नसताना, नातवाचा हात धरून आल्या आहेत. त्यांचे नाव घेऊ का, असे मी त्यांना विचारले होते. त्या नको म्हणाल्या. म्हणून घेत नाही. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत, या दारातून आत येणाऱ्या कोणालाही ‘मग आम्ही जायचे कुठे?’ असे विचारावे लागू नये, एवढी गणरायाच्या चरणी प्रार्थना करून माझे भाषण संपवतो.

जय हिंद.